नागरी सेवा व वातावरणीय बदल

महानगरपालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत इ. स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविलेल्या पाणीपुरवठा, पर्जन्यजलनिःसारण, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रस्ते, परिवहन यांसारख्या सेवांची मापे, वेळापत्रके व कार्यपद्धती बदलत्या जलवायुमानास अनुरूप करून घेणे, यास नागरी सेवांचे वातावरणीय अनुकूलन असे म्हणतात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवून तापमानवाढ रोखणे (उपशमन) हे मुख्यतः राष्ट्राराष्ट्रांतील करार, ऊर्जाधोरण व उद्योगधंदे यांच्या कक्षेत येते. अनुकूलन मात्र गल्ली, नाला व दवाखाना यांच्या पातळीवर होत असल्याने त्याचा मुख्य भार स्थानिक संस्थांवर पडतो. प्रस्तुत नोंदीत ठाणे शहरातील वागळे इस्टेट हा परिसर उदाहरणादाखल घेऊन या विषयाचे विवेचन केले आहे.

प्रत्येक नागरी सेवेच्या मुळाशी हवेविषयीचे एक गृहीत असते. गटाराचा व्यास मागील काही दशकांतील पावसाच्या नोंदींवरून ठरतो; नालेसफाईची मुदत मोसमी पावसाच्या नेहमीच्या तारखेवरून, तर पाणीकपातीचा निर्णय धरणातील शिल्लक साठा व पावसाचे अपेक्षित आगमन यांवरून घेतला जातो. भूतकाळातील हवा भविष्यातही साधारण तशीच राहील, हे ते गृहीत होय. वातावरणीय बदलामुळे हेच गृहीत डळमळीत झाले आहे. त्यामुळे अनुकूलनासाठी नवे खाते उघडण्यापेक्षा जुन्या कामांची मापे नव्याने ठरविणे अधिक महत्त्वाचे ठरते.

वातावरणीय पार्श्वभूमी : भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सु. ०.७° से.ने वाढले. १९९३ ते २०१७ या काळात उत्तर हिंदी महासागराची पातळी दरवर्षी सु. ३.३ मिमी. या गतीने वर आली. हवेचे तापमान १° से.ने वाढले असता तिची बाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून हंगामातील एकूण पाऊस फारसा न बदलताही तो थोड्या तासांत, मोठ्या सरींनी पडण्याची शक्यता वाढते. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सु. तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. पावसाच्या आगमनाची तारीखही पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला दाखल होतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. नालेसफाईची प्रचलित मुदत ३१ मे ही असल्याने वेळापत्रक पाळणारी संस्थाही अशा वर्षी उशिरा ठरते.

वागळे इस्टेट : येऊरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, ठाणे लोहमार्ग स्थानकाच्या पश्चिमेस वसलेली ही औद्योगिक वसाहत महाराष्ट्रातील नियोजित औद्योगिकीकरणाचे आरंभस्थान मानली जाते. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्यास येथूनच प्रारंभ झाला. कारखान्यांबरोबर कामगारांची वस्तीही वाढली. किसननगर, हाजुरी, इंदिरानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर, रूपादेवी पाडा इ. भागांत दाट चाळी, पत्र्याची घरे व अनेक मजली परंतु अरुंद गल्ल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक कारखाने बंद पडले वा स्थलांतरित झाले आणि त्यांच्या भूखंडांवर माहिती तंत्रज्ञानाची व व्यापारी संकुले उभारली गेली. कौलारू वा पत्र्याची शेड, सभोवती मोकळी जागा व झाडे असे जुन्या भूखंडांचे सामान्य स्वरूप होते. नव्या संकुलांत बहुतेक जमीन काँक्रीटखाली गेली. अशा प्रकारे हवा व जमीन यांत एकाच वेळी बदल घडल्याने येथील प्रश्न तीव्र झाला आहे.

ठाणे नगरपालिकेची स्थापना १८६३ मध्ये झाली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीसाठी १९८३ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन शहरांची लोकसंख्या अनुक्रमे सु. १८.४ लाख व १२.५ लाख होती.

पर्जन्यजलनिःसारण : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. त्या वेळी मुंबईबरोबरच ठाणे, कल्याण व उल्हास खोऱ्यातील वस्त्यांनाही पुराचा तडाखा बसला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने मुंबईतील निचराव्यवस्थेच्या त्रुटी दाखवून दिल्या. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिमी. पाऊस, ओहोटीची वेळ आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरणे, या तीन गृहीतांवर बेतलेली होती. ही मापे मुंबईची असली, तरी त्यांच्या आधारे वागळे इस्टेटसारख्या भागातील बदलाचे गणित मांडता येते. एक हेक्टर भूखंडावर ताशी २५ मिमी. पाऊस पडून निम्मे पाणी मुरल्यास तासाभरात १२५ घ. मी. पाणी गटारात येते. तोच भूखंड काँक्रीटने आच्छादला जाऊन फक्त एकदशांश पाणी मुरू लागले आणि पाऊस ताशी ५० मिमी. झाला, तर गटारात येणारे पाणी ४५० घ. मी. भरते. जुन्या मापाच्या ते साडेतीनपटीहून अधिक होय. केवळ गाळ काढून एवढा फरक भरून निघणे अशक्य असते.

येऊरच्या उतारावरून उतरणारे नाले वस्ती, महामार्ग व लोहमार्ग ओलांडून ठाणे खाडीस मिळतात. त्यांच्या बाबतीत दोन अडचणी संभवतात. डोंगरातून वेगाने येणारे पाणी माती, दगड व कचरा घेऊन येते आणि अरुंद मोऱ्यांपाशी तुंबते. दुसरे म्हणजे मोठ्या भरतीच्या वेळी खाडीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर जाते व निचरा थांबतो. समुद्रपातळी जसजशी वाढेल, तसतसा निचरा थांबण्याचा काळही वाढत जाईल.

यावरील उपाय नाला रुंद करण्यापुरते मर्यादित नाहीत. पाणी उगमाशीच थोपविणे, वाटेत साठविणे व शेवटी उपसणे असे त्यांचे तीन टप्पे पाडता येतात. पहिल्या टप्प्यात डोंगरपायथ्याशी गाळ अडविणारे छोटे बंधारे, मोठ्या भूखंडांवर पावसाचे पाणी काही तास धरून ठेवणाऱ्या टाक्या आणि वाहनतळांवर पाणी मुरू देणारी फरसबंदी यांचा समावेश होतो. दुसऱ्या टप्प्यात तळी व क्रीडांगणे येतात. तलावांचे शहर म्हणून ठाण्याची ख्याती आहे. वागळे इस्टेटमधील रायलादेवी तलाव हा त्यांपैकी एक मोठा तलाव होय. तळ्याच्या काठाचे सुशोभीकरण होते, परंतु पावसाळ्याच्या तोंडी त्याची पातळी उतरवून पुराच्या पाण्यासाठी जागा राखण्याचा विचार क्वचितच केला जातो. मुंबईत हिंदमाता परिसरातील पाणी साठविण्यासाठी २०२१ मध्ये उद्यान व मैदान यांखाली टाक्या बांधण्यात आल्या. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहराने २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर ठरावीक रस्ते व उद्याने पुराच्या वेळी पाणी वाहून नेण्यासाठी व धरून ठेवण्यासाठी योजिली. तिसऱ्या टप्प्यात नाल्याच्या मुखाशी भरतीच्या वेळी मिटणारी दारे व उदंचन केंद्रे लागतात. परंतु ती खर्चिक असून वीजपुरवठ्यावर अवलंबून असतात. खाडीकाठची खारफुटी लाटा व गाळ यांना अडविते, म्हणून तिचे रक्षण हाही निचराव्यवस्थेचाच भाग समजावा लागतो.

उतारावरील वस्त्या : जुलै २०२१ मध्ये कळव्यातील घोलाईनगर येथे दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू झाला. ठाणे, कळवा व मुंब्रा येथील डोंगरउतारांवर अशी घरे मोठ्या संख्येने असून रूपादेवी पाड्यासारख्या वागळे परिसरातील वस्त्याही उतारालगत आहेत. पावसाळ्यापूर्वी धोक्याच्या सूचना लावणे व नोटिसा बजावणे ही प्रचलित पद्धत होय. परंतु जाण्यासाठी दुसरी जागा नसल्यास नोटीस मिळूनही कुटुंब तेथेच राहते. म्हणून उतारावरच पर्जन्यमापक बसविणे, ठरावीक तासांत ठरावीक पाऊस झाल्यास वस्ती हलविण्याचा नियम आधीच जाहीर करणे, जवळच्या महानगरपालिका शाळेत निवारा सज्ज ठेवणे आणि कालांतराने कायमचे पुनर्वसन करणे, असा क्रम आवश्यक ठरतो. निवारा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. तो दूर असल्यास सामान चोरीस जाण्याच्या व रोजगार बुडण्याच्या भीतीने लोक घर सोडत नाहीत.

उष्णता व सार्वजनिक आरोग्य : भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार किनारी प्रदेशात कमाल तापमान ३७° से. वा अधिक आणि सरासरीहून किमान ४.५° से.ने जास्त असल्यास उष्णतेची लाट मानली जाते. कोकणात मार्च व एप्रिलमध्ये पूर्वेकडील भूपृष्ठावरून येणारे वारे प्रबळ असले म्हणजे खारे वारे दुपारी उशिरा सुरू होतात आणि तापमान एकदम चढते. हवेतील आर्द्रतेमुळे घाम लवकर वाळत नाही. परिणामी नागपूरपेक्षा कमी तापमानातही शरीरावर मोठा ताण पडतो. एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथे भर उन्हात झालेल्या सार्वजनिक समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. किनारपट्टीस उन्हाळ्याचा धोका नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरली.

वागळे इस्टेटमध्ये या उष्णतेचे वाटप विषम आहे. पत्र्याचे छप्पर दिवसा तापून खालच्या माणसांवर उष्णता फेकते, तर काँक्रीटचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री सोडतो. अरुंद गल्लीत वारा फिरत नाही. संकुलांतील वातानुकूलन यंत्रे आतील उष्णता बाहेर टाकतात. शेडमध्ये भट्टी वा यंत्राशेजारी काम करणारा कामगार सायंकाळी अशाच तापलेल्या घरी परततो आणि त्याच्या शरीरास रात्रीही विसावा मिळत नाही.

मे २०१० मधील लाटेत अहमदाबाद येथे नेहमीपेक्षा सु. १,३०० मृत्यू अधिक झाले. त्यानंतर त्या शहराच्या महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. तापमानाच्या अंदाजानुसार रंगनिहाय इशारे, दवाखान्यांत बर्फ व क्षारद्रावणाचा साठा, उद्याने दुपारी खुली ठेवणे व पाणपोया हे त्याचे मुख्य घटक होत. ठाणे महानगरपालिकेनेही २०२४ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. अशा आराखड्यांचे यश प्रभागनिहाय तपशिलावर अवलंबून असते. आरोग्यसेविकांकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, गरोदर स्त्रियांची व तान्ह्या मुलांची यादी असणे, छपरांना पांढरा चुना वा परावर्तक रंग देण्यास साहाय्य करणे, रात्रीच्या पाळीतही दवाखान्यात उष्माघाताच्या उपचारांची सोय ठेवणे इ. कामे अल्प खर्चात होऊ शकतात. सफाई कामगार, रस्त्यावरील बांधकामाचे मजूर व उद्यानातील माळी यांच्या कामाच्या वेळा बदलणे तर स्वतः संस्थेच्याच हाती असते. कारखान्यातील तापमान व वायुवीजन यांची तपासणी मात्र राज्य शासनाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य यंत्रणेकडे असल्याने तिच्याशी समन्वय राखावा लागतो.

पाणीपुरवठा : ठाणे महानगरपालिकेच्या मालकीचे धरण नाही. भातसा नदीवरील स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि बृहन्मुंबई महानगरपालिका या चार मार्गांनी शहरास पाणी मिळते. महामंडळाच्या पुरवठ्यास बारवी धरणाचा आधार आहे. पाऊस लांबल्यास या सर्वच स्रोतांवर एकदम ताण येतो. उलटपक्षी अतिवृष्टीनेही पुरवठा खंडित होऊ शकतो : कल्याण-डोंबिवलीत उल्हास नदीच्या पुराचे पाणी मोहिली येथील उदंचन केंद्रात शिरल्याने शहराचे पाणी बंद पडण्याचे प्रसंग आले आहेत. याच नदीच्या पुरात २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली व सु. एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. म्हणून नदीकाठची यंत्रे व विद्युत् फलक पूररेषेच्या वर उचलणे, गळती कमी करणे, विहिरी व कूपनलिका बिगरपेय वापरासाठी जतन करणे आणि सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना व उद्यानांना देणे, हे उपाय महत्त्वाचे ठरतात. कपात करताना टेकडीवरील व जलवाहिनीच्या शेवटच्या टोकास असलेल्या वस्त्यांचा विचार प्रथम करणे आवश्यक असते. समान टक्केवारीची कपात सर्वांना समान जाचक नसते.

घनकचरा व साथरोग : एका सेवेतील उणीव दुसऱ्या सेवेवर भार टाकते, हे येथे विशेष स्पष्ट होते. कचरा वेळेवर उचलला न गेल्यास तो नाल्यात जातो आणि पूर येतो. पुराच्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होण्याचा धोका असतो. २००५ च्या पुरानंतर मुंबई व ठाणे परिसरात या रोगाचे रुग्ण वाढले होते. पाणी अनियमित येऊ लागले म्हणजे लोक पिंपांत साठा करतात व त्यात डेंग्यूचे डास वाढतात. कचराभूमीत निर्माण होणारा मिथेन वायू उन्हाळ्यात आगींना कारण होतो. कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीवर २०२१ मध्ये कचरा टाकणे थांबण्यापूर्वी तेथे वारंवार आगी लागत असत. म्हणून आरोग्य, घनकचरा, मलनिःसारण व पाणीपुरवठा या विभागांच्या नोंदी एकाच प्रभाग नकाशावर मांडल्यास पुढील संकटाचे ठिकाण बऱ्याच अंशी आधी ओळखता येते.

अधिकार व त्यांची विभागणी : १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नमूद केले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार (मूळ १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम) निचरा, स्वच्छता व पाणीपुरवठा ही संस्थांची बंधनकारक कर्तव्ये आहेत. पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल दरवर्षी सभेपुढे ठेवण्याचे बंधनही आयुक्तांवर आहे. हा अहवाल अंदाजपत्रकाशी जोडल्यास तो अनुकूलनाचे प्रभावी साधन होऊ शकेल. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात (२००५) २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापण्याची तरतूद झाली आहे.

तथापि अधिकारांची विभागणी हीच प्रमुख अडचण राहते. वागळे इस्टेटमधून जाणाऱ्या एखाद्या नाल्याचा उगम वनखात्याच्या हद्दीत असतो. तो औद्योगिक महामंडळाच्या भूखंडांलगत व महानगरपालिकेच्या वस्तीतून वाहतो, महामार्ग व लोहमार्ग यांखालील मोऱ्यांतून जातो आणि खारफुटीच्या संरक्षित क्षेत्रात खाडीस मिळतो. प्रत्येक यंत्रणेने आपला भाग स्वच्छ केला, तरी सर्वांत अरुंद मोरीच साऱ्या नाल्याची क्षमता ठरविते. कल्याण-डोंबिवलीत २७ गावे २००२ मध्ये महानगरपालिकेतून वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. अशा हद्दबदलांच्या काळात दीर्घ मुदतीची कामे रेंगाळतात. यास्तव प्रशासकीय हद्दीऐवजी पाणलोट क्षेत्र हा घटक धरून संयुक्त आराखडा करणे तज्ज्ञांना इष्ट वाटते.

स्थानिक अनुभवाचा लाभ हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा होय. कोणत्या गल्लीत प्रथम पाणी भरते, हे तेथील रहिवाशांस व सफाई कामगारांस नकाशाहून अधिक ठाऊक असते. ही माहिती प्रभाग समित्यांतून वर येणे अपेक्षित आहे. परंतु कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून व ठाण्यात २०२२ पासून काही वर्षे निवडणुका लांबून कारभार प्रशासकांच्या हाती राहिला व हा मार्ग संकुचित झाला.

वित्त व अग्रक्रम : जकात व तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर रद्द झाल्यानंतर महानगरपालिका मालमत्ता कर, विकास शुल्क व शासकीय अनुदाने यांवर अधिक अवलंबून राहू लागल्या. विकास शुल्क बांधकामाबरोबर वाढते, तर बांधकामाबरोबर पाणी मुरणारी जमीन घटते. हा विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. राज्य शासनाच्या माझी वसुंधरा अभियानाने (२०२०) स्थानिक संस्थांच्या पर्यावरणविषयक कामांचे मूल्यमापन सुरू केले, तर मुंबईने २०२२ मध्ये स्वतंत्र वातावरणीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. परंतु निधी मर्यादित असताना प्रथम कोणाचे रक्षण करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे उरतोच. मालमत्तेच्या मूल्यावरून अग्रक्रम ठरविल्यास नवी संकुले पुढे येतात. जीवितहानीच्या शक्यतेवरून ठरविल्यास उतारावरील घरे, नाल्याकाठच्या चाळी व पत्र्याच्या खोल्या पुढे येतात. किसननगर परिसरातील समूह विकासासारख्या पुनर्वसन योजनांत नव्या इमारती उभारतानाच वाऱ्यास वाट, मुरण्यास जमीन, सावलीस झाडे व भरतीहून उंच जोते यांची तरतूद केली नाही, तर पुढील अर्धशतकासाठी जुनीच चूक अधिक उंचीवर बांधली जाण्याचा धोका आहे. एकदा बांधलेले गटार व उभारलेली इमारत पन्नास वर्षे टिकते. म्हणून आज मंजूर होणाऱ्या नकाशात गेल्या शतकातील पावसाचे माप धरले आहे की येत्या दशकांतील, यावरच अनुकूलनाचे यशापयश मुख्यतः अवलंबून राहील.